खारीचा उजवा कौल

कोणे एके काळी डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावाच्या देवराईत, जुनाट आंब्याखाली, एक पत्रावळीवाली बसायची. गाव आजही ही गोष्ट खारींची म्हणून सांगतं. गावाचं काय घेऊन बसलात, गोष्ट तिची आहे.

बाईला मागेपुढे कुणी नव्हतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. सकाळी रानातून पळसाची पानं आणायची आणि दिवसभर आंब्याखाली बसून बांबूच्या बारीक चोयांनी टाचायची, असे तिचे दिवस चालले होते. लग्न असो, बारसं असो की तेरावं, गावाची पंगत तिच्या पत्रावळींवर उठायची. तिला मात्र शेवटच्या पंगतीत, उष्टं टाकायच्या जागेजवळ बसवायचे. 'ए पत्रावळे' अशी तिला हाक होती. खरं नाव कुणी विचारलंच नाही, म्हणून मलाही ते सांगता येत नाही.

हात कामात गुंतले की कान मोकळे राहतात. तिच्या डोक्यावर खारींचं गोकुळ नांदत होतं आणि तीस वर्षं ती त्यांचं बोलणं ऐकत आली होती. तिला कुणी शिकवलं नाही. ऐकायचं, मान वर करून बघायचं, मग आजूबाजूला बघायचं आणि पुन्हा पान हातात घ्यायचं. असं करता करता तिला कळत गेलं.

'टिर्र' असा एकच लांब आवाज आला आणि सगळं झाड चिडीचूप झालं, की वर ससाणा फिरतोय. 'चिक्, चिक्, चिक्' असा न थांबणारा आवाज आला, की भय खाली जमिनीवर आहे. त्यातही मांजर असेल तर आवाज भरभर येतो आणि खार फांद्या बदलत राहते. साप असेल तर खार एका जागी बसते, डोकं खाली करून. प्रत्येक 'चिक्'बरोबर शेपूट उडतं, आवाज संथ आणि हट्टी असतो, आणि साप निघून जाईपर्यंत ती हटत नाही. पिलांशी बोलताना ती घशातल्या घशात कुचकुचते. आणि चैत्रात दोन-तीन खारी एकमेकांमागे धावत जो कलकलाट करतात, त्याचाही अर्थ बाईला ठाऊक होता, पण तो लहान मुलांना सांगायचा नसतो.

आंब्याच्या बुंध्याशी गावाचा देव होता, शेंदूर फासलेला एक दगड. एकदा गुरव तिथे देवापुढची निर्माल्याची फुलं गोळा करायला वाकला.

"गुरवा, हात मागं घे," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "खार साप म्हणतीया."

गुरव हसला, पण त्याचा हात थांबला. काठीने त्याने फुलं उलटली, तर खाली फुरसं वेटोळं घालून बसलेलं. फुलं तिथेच टाकून तो गावाकडे पळाला. दिवस मावळेपर्यंत गावातल्या घराघरांत एकच बोलणं होतं, की पत्रावळीवालीला खारींची भाषा कळते.

आता हे गाव कसं, तर घरातली पाल चुकचुकली तरी जमिनीवर बोट आपटून 'कृष्ण कृष्ण' म्हणणारं. त्यात कौल लावायची जुनी रीत. देवाच्या दगडाला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि मनातला प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. अशा गावाला बोलणारी खार सापडली, मग काय विचारता. दुसऱ्याच दिवसापासून माणसं आंब्याखाली येऊ लागली. म्हैस कधी विणार, पोराला नोकरी कुठं लागणार, सासू घरात नीट कधी वागणार.

ती सगळ्यांना एकच सांगायची, "बाबा, खार खारीपुरतं बोलती. तिला तुझ्या म्हशीचं काय ठावं?"

माणसं हिरमुसून परत जायची. खरं बोलणाऱ्याच्या दारात गर्दी होत नाही, तशी तिच्याही झाडाखालची गर्दी ओसरली.

मग एका पावसाळ्यात कुंभारीण आली. तिचा नवरा गाडगी-मडकी घेऊन नदीपलीकडच्या बाजाराला गेला होता. नदीला पूर आला आणि आठ दिवस त्याचा पत्ता नव्हता. तिच्या कडेवर तिची लेक होती, आवडी, सहा-सात वर्षांची. एवढी मोठी पोर कडेवर घेण्याइतकी ती बाई घाबरलेली होती.

"मावशे, काय बी सांग," ती म्हणाली. "पर कायतरी सांग."

त्याच वेळी देवाच्या उजव्या अंगाच्या फांदीवरून खार भरभर ओरडू लागली. झुडपात मांजर आलं होतं. पत्रावळीवालीला ते दिसलंही. तिने कुंभारणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला फार वाईट वाटलं.

"उजवीकडनं बोलली," ती म्हणाली. "येईल तुझा धनी."

तिसऱ्या दिवशी पूर ओसरला आणि कुंभार घरी आला. पूर ओसरला की माणसं घरी येतात, यात खारीचा काय संबंध? पण हे कुणी म्हटलं नाही, आणि तिनेही म्हटलं नाही.

गुरवाने रीतच घालून दिली. उजव्या फांदीवरून खार बोलली तर होकार, डावीवरून बोलली तर नकार. आणि जितकी जास्त वेळ बोलेल तितका कौल पक्का. म्हणजे झालं काय, की खार जितकी जास्त घाबरेल तितकं गाव जास्त खूश. हा उफराटा न्याय एकट्या पत्रावळीवालीला कळत होता. पण तिच्यासाठी आंब्याखाली दगडी ओटा बांधला गेला. पाडव्याला लुगडं आलं. पहिला प्रसाद तिच्या हातावर पडू लागला, आणि गावजेवणात तिला पहिल्या पंगतीत, गुरवाच्या घरच्या बायकांशेजारी पान वाढलं गेलं. त्या दिवशी तिने पान चाटूनपुसून स्वच्छ केलं. 'ए पत्रावळे' म्हणणारं गाव तिला 'माई' म्हणू लागलं. आयुष्यभर शेवटी बसलेल्या माणसाला पहिल्या पंगतीची काय ओढ असते, ते पहिल्या पंगतीत जन्मलेल्यांना समजायचं नाही.

माईने पत्रावळी लावायच्या सोडून दिल्या. दहा वर्षं गेली. ओट्यावर बसून ती 'उजवा' म्हणायची, 'डावा' म्हणायची, आणि मनातल्या मनात म्हणायची, मांजर आहे, घोरपड आहे, पुन्हा मांजर. लोक प्रश्न विचारून घरी जात, आणि आंब्याखाली फार वेळ कुणी थांबत नसे, म्हणून कुणाला काही झालं नाही. काही झालं नाही, यालाच ती पुण्याई समजू लागली.

आवडी वयात आली, तिला स्थळ आलं. कुंभारीण कौल घ्यायला आली तेव्हा उजव्या फांदीवरच्या खारी घटकाभर ओरडायच्या थांबल्या नाहीत. असा पक्का कौल कुणालाच मिळाला नव्हता. वैशाखात लग्न झालं, आणि श्रावणात आवडी पहिल्या पंचमीला माहेरी आली.

नागपंचमीला गावातल्या लेकीसुना देवराईत झोका बांधायच्या. झोका कुठल्या फांदीला बांधायचा, हेही आता माईला विचारायची पद्धत पडली होती. त्या दिवशी सकाळीच ऊन पडलं होतं. बायका नटूनथटून आल्या होत्या, गुरव दोर खांद्यावर टाकून उभा होता.

"माई, बघा तरी," तो म्हणाला. "विचारायच्या आधीच खारी कौल द्यायला लागल्या."

उजव्या फांदीवर तीन खारी बसल्या होत्या. तिघींची डोकी खाली होती. चिक्, चिक्, चिक्, संथ आणि हट्टी. शेपट्या एका तालात उडत होत्या.

माई ओट्याच्या कडेला सरकली. तिने बुंध्याच्या उजवीकडे पाहिलं. वर्षभराचा पाला तिथे घोटाभर साचला होता. तिला त्यात काही दिसलं नाही. घोणस असेल तर दिसायची नाही, तिचा रंगच वाळक्या पानांचा असतो, आणि माणसांच्या पायांच्या आवाजाने ती हलतही नाही. पण खारींना दिसत होती.

साप म्हणायला दोन अक्षरं लागतात. तिने तोंड उघडलं आणि तिला सगळं एकदम दिसलं. आज हा आवाज सापाचा म्हटला, तर मग काल-परवाचे आवाज कशाचे होते? सोयरिकी जुळवल्या, मोडल्या, दावणीचे बैल विकले, भावाभावांत वाटण्या झाल्या. ते सगळे कौल कशाचे? आवडीचं लग्न तरी कशावर ठरलं? लोक विचारणार, आणि मग शेवटची पंगत, उष्ट्याशेजारची जागा आणि 'ए पत्रावळे'.

"आज ऱ्हाऊ दे झोका," ती कसंबसं म्हणाली. "माझं मन घेत न्हाई."

"मन कशाला घ्यायला पायजे? खार घेतीया की," गुरव हसून म्हणाला, आणि बायकाही हसल्या. "अशी उजवी तर आजवर कधी बोलली न्हाई. व्हय म्हणा, माई. पोरी खोळंबल्यात."

सगळे तिच्याकडे बघत होते. आवडी पुढेच उभी होती, हिरवा चुडा भरलेली.

"उजवा हाय," माई म्हणाली.

झोका उजव्या फांदीला बांधला गेला. गर्दी आहे, गलका आहे, साप आपसूक निघून जाईल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. चुकीचं बोलून झालं की माणूस दैवाला कामाला लावतो, त्यातलाच हा प्रकार. सगळ्यांत पक्का कौल आवडीचा, म्हणून पहिला मान आवडीला मिळाला. बायकांनी गाणी धरली. वर खारी ओरडतच होत्या.

"बघा गं, खारीसुदिक गायला लागल्या," कुणीतरी म्हणालं.

माई ओट्यावरून उठली. आता ओरडायचंच, असं तिने ठरवलं होतं, हे मी तिच्या बाजूने सांगतो. तेवढ्यात एक नवी सून पुढे आली आणि वाकून तिच्या पाया पडली. माईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला, आणि तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. झोका पुरता थांबायच्या आधीच आवडीने हसत खाली उडी मारली. पाल्यात तिचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत रुतले.

ती ओरडलीसुद्धा नाही. "काटा लागला वाटतं," एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

वैदू आला. झाडपाला चोळून झाला, पाय करकचून बांधून झाला, देवापुढे नारळ फुटले. कुंभारीण लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दिवस कलायच्या आत आवडी गेली. तोवर घोणस पाल्यातून सरकत बांबूच्या बेटात निघून गेली होती, आणि आंब्यावरच्या खारी शांत झाल्या होत्या.

आता गावाने म्हणायला हवं होतं की कौल चुकला. पण ज्या कौलावर दहा वर्षं घरं चालवली तो चुकला म्हणायचं, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या घरातलं काहीतरी चुकलं म्हणायचं. एवढी छाती कुणाची? कौल उजवाच होता, असं ठरलं. मग चूक कुणाची, ते शोधणं आलं, आणि ती शोधायला गावाला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. नागपंचमीला जमीन खणायची नसते. कुंभारणीने पंचमीच्या आदल्या दिवशी माती खणली होती.

"आदल्या दिवशी खणली, तरी खड्डा पंचमीला उघडाच व्हता ना?" गुरव म्हणाला. "नाग कोपणारच."

कुंभारणीलाही ते पटलं. दुःखात बुडालेल्या माणसाला स्वतःचा दोष फार लवकर पटतो. तिने चाकाला हात लावणं सोडलं. घरामागच्या मातीच्या खड्ड्याशी ती जाऊन बसे आणि हाताने माती परत आत लोटत राही. कुंभार समजावून थकला. ती अन्नाला शिवेना.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवला नाही. बायका कुजबुजल्या, माती खणल्याचं पाप आहे, कसा शिवेल? माई मागे उभी होती, तिने ते ऐकलं. कुंभारीणही ऐकत होती आणि मान हलवत होती. ते मात्र माईला बघवेना. तेराव्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती कुंभारवाड्यात गेली. कुंभारीण खड्ड्याशी बसली होती.

"ऊठ गं," माई म्हणाली. "तुझ्या मातीनं काय बी झालं न्हाई."

"मी खणली मावशे. मीच खणली."

"खारी साप म्हणत व्हत्या."

कुंभारणीचे हात थांबले.

"उजवा-डावा काय नसतंय," माई बोलत राहिली. आता तिला थांबता येईना. "कधीच नव्हतं. त्या सापाला साप म्हणतात आन् मांजराला मांजर. त्या दिवशी तिघी मिळून साप म्हणत व्हत्या. सकाळधरनं."

कुंभारणीने मुठीतली माती खाली टाकली. मग तिने विचारलं, "तुला कळलं व्हतं?"

"व्हय."

"तवाच कळलं व्हतं? झोका बांधायच्या आधी?"

"व्हय."

कुंभारणीने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "टीचभर जीव त्यो," ती म्हणाली. "त्यो माझ्या पोरीसाठी घसा फाटूस्तवर वरडत व्हता. तुला तर एवढं तोंड हाय मावशे."

कुंभारीण उठली, हात झटकले आणि घरात गेली. तिने दार लावून घेतलं. पण त्या दिवशी ती भाकरी खाऊन झोपली, असं कुंभाराने मागाहून सांगितलं.

माईने मग सगळ्या गावासमोर सांगितलं. देवापुढे उभं राहून, दहा वर्षांचा एकेक कौल तिने उलगडला. हे मांजर होतं, ही घोरपड होती, तो फक्त ससाणा होता. लोकांनी तिला थोडा वेळ बोलू दिलं. मग गुरव म्हणाला की माईंच्या मनावर परिणाम झाला आहे, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. ओट्यावर गुरवाचा मेहुणा बसला. त्याला खारीचा आणि साळुंकीचा आवाज वेगळा ओळखता येत नव्हता, पण उजवी बाजू कुठली ते माहीत होतं. पाडव्याचं लुगडं तिकडे जाऊ लागलं.

म्हातारी पुन्हा ओट्याखाली, मातीत बसू लागली. खार साप म्हणाली की ती उठायची आणि जीव खाऊन ओरडायची, "साप हाय, साप. पाऊल टाकू नका." लोक हसायचे. येणारा-जाणारा वर ओट्याकडे बघायचा, गुरवाचा मेहुणा 'उजवा' म्हणायचा, आणि लोक देवाला हात जोडून त्याच वाटेने पाल्यातून चालू लागायचे. कधी वाचायचे, कधी नाही. नाही वाचले, की गाव कुणाचा तरी खड्डा शोधून काढायचं. खरं सांगायची वेळ होती तेव्हा गाव तिचं ऐकत होतं. आता ती खरं सांगत होती आणि ऐकणारं कुणी नव्हतं. म्हातारीला हे कळत होतं, आणि तरी ती ओरडायची थांबत नव्हती. दुसरं तिच्या हातात काय होतं?

एकदा भर दुपारी कुंभारीण डोक्यावर मडक्यांची पाटी घेऊन देवराईतून चालली होती. लेक गेल्यापासून ती म्हातारीशी एक शब्द बोलली नव्हती. वर खारींनी ठेका धरला, चिक्, चिक्, चिक्. ओट्यावरून 'उजवा' आलं. खालून म्हातारी ओरडली, "साप."

कुंभारीण थांबली. उचललेलं पाऊल तिने मागे घेतलं आणि पाल्याला लांबून वळसा घालून, उन्हातल्या मोकळ्या वाटेने ती निघून गेली. म्हातारीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: ज्याला कळतं त्याने वेळेवर बोलावं. लोकांना गोड लागेल तो अर्थ एकदा सांगितला, की खरा अर्थ सांगायला पुढे तोंड उरत नाही. आणि उरलं, तरी ऐकायला कान उरत नाहीत.